द्वारपंडित आणि द्वारपाल

सातव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू विद्येच्या ओढीने हिंदुस्थानाकडे निघाला, तेव्हा त्याच्यापाशी आपल्या सम्राटाची परवानगी नव्हती. तांग घराण्याची सत्ता नुकतीच स्थिरावत होती, सरहद्दीवर तुर्कांचे भय होते, आणि प्रजाजनांनी पश्चिमेची सीमा ओलांडू नये असा हुकूम होता. ह्युएनत्संगाने परवानगी मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा पहाऱ्याची ठाणी चुकवीत तो वाळवंटात शिरला. पुढे नालंदेच्या महाविहारात तो पोचला, तेव्हा तेथील द्वारावर अगदी निराळ्या जातीचा पहारा त्यास आढळला. परदेशांतून शास्त्रचर्चेसाठी येणाऱ्यांस तेथील द्वारपाल कठीण प्रश्न विचारीत असे, आणि दहांतले सात-आठ जण निरुत्तर होऊन परत फिरत, असे त्याने लिहून ठेविले आहे. विक्रमशिलेच्या विद्यापीठात पुढे हेच काम करणाऱ्या विद्वानांस 'द्वारपंडित' अशी संज्ञा होती.

एकाच प्रवाशास लागलेल्या या दोन द्वारांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. राज्याच्या वेशीवरील शिपाई विचारतो, "तू कोठला, आणि तुझ्यापासून आम्हांस भय काय?" विद्येच्या वेशीवरील पंडित विचारतो, "तुला काय येते?" दोन्ही प्रश्न आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु अर्वाचीन काळी या दोहोंचा अनुक्रम ठरून गेला आहे. द्वारपंडिताने होकार दिला तरी द्वारपालाने नकार दिल्यास विद्यार्थी विद्यापीठाचे तोंडही पाहू शकत नाही. या द्वारपालाच्या हातचा परवाना म्हणजेच हल्ली घरोघर ज्याचे नाव ऐकू येते तो 'व्हिसा' होय. त्याचा इतिहास पाहण्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांइतके सोयीचे दुसरे उदाहरण नाही. कारण परदेशी विद्यार्थ्यांपासून त्या देशाइतका लाभ दुसऱ्या कोणी क्वचितच करून घेतला असेल, आणि त्यांच्याविषयी त्याच्या कायद्याइतके वेळोवेळी मन बदललेलेही दुसरे कोणी क्वचितच असेल.

इ. स. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कास उतरल्या. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. त्यांच्या प्रवासाची हकिकत महाराष्ट्रास पाठ आहे. परंतु तिच्यातील एक गोष्ट सहसा कोणी नजरेस आणीत नाही. त्यांच्या मार्गात जे अडथळे आले ते बहुतेक या किनाऱ्यावरचे होते. समाजाचा विरोध, समुद्रगमनाचा दोष, निंदकांची तोंडे या सर्वांस त्यांस येथेच उत्तर द्यावे लागले. पलीकडच्या किनाऱ्यावर, विद्यार्थिनी म्हणून येण्याचा परवाना दाखवा, असे त्यांस कोणी म्हटले नाही. कारण असा परवाना अद्याप जन्मासच आला नव्हता. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांस घेतले, आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. १८८९ मध्ये त्याच महाविद्यालयातून केई ओकामी ही जपानी विद्यार्थिनीही डॉक्टर होऊन बाहेर पडली. तेथे केवळ द्वारपंडिताचा अंमल होता.

मात्र ही मोकळीक सर्वांस सारखी होती असे समजणे भ्रामक होईल. आनंदीबाई पोचल्या त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे ६ मे १८८२ रोजी, चिनी मजुरांस दहा वर्षे प्रवेशबंदी करणारा कायदा अमेरिकेत मंजूर झाला होता. ही बंदी पुढे वाढत जाऊन १९४३ पर्यंत टिकली. पण याच कायद्यात व त्यापूर्वीच्या १८८० च्या तहात एक लहानसे कवाड उघडे ठेविले होते. व्यापारी, शिक्षक व विद्यार्थी यांस बंदी लागू नव्हती. मजूर नको, पण विद्यार्थी चालेल, हा अमेरिकन धोरणाचा पहिला सिद्धान्त होय. त्याच्या मुळाशी असलेला समज सरळ होता. विद्यार्थी हा पाहुणा आहे. तो येईल, शिकेल आणि परत जाईल.

हा समज किती डळमळीत आहे याचा अनुभव त्याच्याही आधी येऊन गेला होता. येल येथून १८५४ मध्ये पदवी घेतलेल्या युंग विंग या चिनी गृहस्थाच्या खटपटीने १८७२ ते १८७५ या चार वर्षांत दरसाल तीस याप्रमाणे १२० चिनी मुले कनेक्टिकट प्रांतातील हार्टफर्ड व आसपासच्या गावी शिकावयास धाडण्यात आली. मुले तेथील कुटुंबांत राहिली, चेंडूफळी खेळू लागली, आणि कित्येकांस आपली लांब वेणी नकोशी झाली. पेकिंगच्या दरबारातील जुन्या वळणाच्या मंडळींस वाटले की मुले हातची गेली. इकडे अमेरिकन सरकारने या मुलांस आपल्या लष्करी व आरमारी विद्यालयांत घेण्याचे नाकारले. एका देशास ती फार परकी झालेली दिसली, दुसऱ्यास ती पुरेशी आपली वाटेनात. आणि १८८१ मध्ये सर्वांस परत बोलावण्यात आले. तोपर्यंत विद्यापीठाची पदवी हाती आलेल्यांत चान थिएन-यौ हा होता. त्याने १९०५ ते १९०९ या काळात पेकिंग ते कालगन हा डोंगरातून जाणारा कठीण लोहमार्ग परदेशी इंजिनिअरांच्या मदतीवाचून बांधून दाखविला. ज्यांचे शिक्षण अर्ध्यावर तुटले, त्या बाकीच्यांनी काय केले असते याचा हिशेब अर्थातच कोणापाशी नाही. द्वारपालाच्या चुकीचा हिशेब नेहमी असाच अलिखित राहतो, आणि म्हणूनच ती चूक पुनःपुन्हा करणे सोपे जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मुत्सद्द्यांस विद्यार्थ्यांची किंमत निराळ्या रीतीने कळली. बॉक्सर बंडानंतर चीनवर लादलेल्या खंडणीतील आपल्या वाट्याचा अधिक भाग १९०८ मध्ये अमेरिकेने सोडून दिला, आणि तो पैसा चिनी विद्यार्थ्यांच्या अमेरिकेतील शिक्षणाकडे लागावा असे ठरले. १९०९ मध्ये ४७ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी निघाली. त्यांची पूर्वतयारी करून घेण्यासाठी १९११ मध्ये पेकिंगजवळ जी शाळा निघाली, तिचेच पुढे त्सिंगहुआ विद्यापीठ झाले. १९१० च्या तुकडीतील हू शी हा तरुण कॉर्नेलहून कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान शिकावयास गेला, व स्वदेशी परतल्यावर बोलभाषेतून वाङ्मय लिहिण्याच्या चळवळीचा धुरीण झाला.

त्याच कोलंबियात, त्याच ड्यूईसाहेबांच्या वर्गात, १९१३ पासून आपल्याकडील एक विद्यार्थी बसत होता. सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर गेलेले भीमराव आंबेडकर ते हेच. कॉर्नेल येथे त्यांच्या आधी काही वर्षे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर शिकून गेले होते. या सर्वांस कायद्याने येऊ दिले. आणि ५ फेब्रुवारी १९१७ रोजी, अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार झुगारून, हिंदुस्थानासह आशियाच्या बहुतेक भागास 'निषिद्ध पट्टा' ठरविणारा कायदा झाला, तेव्हाही विद्यार्थ्यांस त्यातून वगळले गेले. हिंदी मजूर सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरातून परत फिरविला जाई, हिंदी विद्यार्थी मात्र आत जाऊ शके. सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला हिंदी मनुष्यसुद्धा अमेरिकेचा नागरिक होण्यास पात्र नाही, असा निकाल दिला. अर्थात शिकण्यापुरते या, पण आमच्यातले होण्याची आशा धरू नका, असा हा एकंदर व्यवहार होता.

१९२४ च्या कायद्याने या व्यवहारास नियमांचे रूप दिले. विद्यार्थी किमान पंधरा वर्षांचा असावा. केवळ शिक्षणाच्याच हेतूने यावा. सरकारने मान्य केलेल्या संस्थेतच दाखल व्हावा. आणि त्याने शाळा सोडताच तसे सरकारास कळविण्याची जबाबदारी त्या संस्थेने पत्करावी. शेवटचे कलम दिसावयास किरकोळ आहे, पण त्याचा अर्थ खोल आहे. त्या दिवसापासून द्वारपंडिताच्या हाती द्वारपालाचे हजेरीपुस्तक आले. विद्यार्थ्याकडे शिष्य म्हणून पाहणाऱ्या संस्थेस त्याच्यावरील नजरेचेही काम लागले, आणि ते आजवर सुटलेले नाही.

या काळात येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची हकिकत पाहण्यासारखी आहे. आंध्रातील भीमवरमचा हा वैद्य १९२४ च्या कायद्यापूर्वी थोडेच दिवस हार्वर्डमध्ये दाखल झाला. पोट भरण्यासाठी रुग्णालयात हलकी कामे करीत करीत त्याने सायरस फिस्क यांच्याबरोबर स्नायूंतील शक्तीचे रसायन उलगडणारे शोध लावले. १९३० मध्ये पीएच. डी. मिळविली, पण हार्वर्डने त्यास कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये तो लेडर्ले या औषधी कारखान्याच्या संशोधनशाळेत गेला. तेथे त्याच्या हाताखाली तयार झालेली फॉलिक ॲसिडची विरोधी द्रव्ये बोस्टनचे डॉ. सिडने फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांस दिली, आणि १९४८ मध्ये या रोगास औषधाने काही काळ तरी मागे रेटता येते असे वैद्यकास प्रथम दिसले. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. हिंदी लोकांस नागरिकत्व व दरसाल अवघ्या शंभर जणांस कायमचा प्रवेश देणारा कायदा १९४६ मध्ये झाला होता. परंतु सुब्बाराव अखेरपर्यंत अमेरिकेचे नागरिक झाले नाहीत. पाहुणा म्हणून आलेल्या या माणसाने यजमानाच्या घरातील मुलांस जे औषध दिले, ते येताना त्याच्या पेटीत नव्हते. तेथील प्रयोगशाळेत पंचवीस वर्षे राहिल्यानेच ते तयार झाले. विद्यार्थ्यापासून देशास होणारा लाभ नेहमी याच जातीचा असतो. प्रवेशाच्या दिवशी तो कोणासच, खुद्द विद्यार्थ्यासही, दिसत नाही.

१९५२ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून जो कायदा झाला, त्याची मूळ चौकट आजही चालू आहे. त्यातील विद्यार्थ्याच्या व्याख्येत असे म्हटले आहे, की त्याचे परदेशात घर असले पाहिजे, आणि ते सोडण्याचा त्याचा हेतू नसला पाहिजे. शिवाय, प्रत्येक अर्जदार कायमचा राहावयासच येत आहे असे अधिकाऱ्याने धरून चालावे, आणि तसे नाही हे अर्जदाराने सिद्ध करावे, असा दंडक आहे. म्हणजे नालंदेचा प्रश्न "तुला काय येते?" असा होता, वकिलातीच्या खिडकीवरचा प्रश्न "तू परत जाशील ना?" असा झाला. बावीस वर्षांच्या मुलास आपण तिशीत कोठे असू हे ठाऊक नसते. तरी त्यास त्याचे उत्तर ठामपणे द्यावे लागते, आणि ते एकाच प्रकारचे द्यावे लागते. आपल्या ओळखीच्या किती घरांत मुलाखतीच्या आदल्या रात्री हे उत्तर मुलाकडून पाठ करून घेतले जाते, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको. विद्येच्या यात्रेचा आरंभ असा एका पढविलेल्या वाक्याने व्हावा, ही गोष्ट आम्हांस खेदाची वाटते. तिचा दोष मुलावर नाही; ज्यास खरे उत्तर असू शकत नाही असा प्रश्न विचारणाऱ्या कायद्यावर आहे.

परत जाण्याच्या या प्रश्नाने एकदा अमेरिकेचीच कशी फजिती केली पाहा. बॉक्सर खंडणीच्या शिष्यवृत्तीवर छियेन शुएसेन हा तरुण १९३५ मध्ये अमेरिकेस आला. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतून तो कॅलिफोर्नियाच्या तंत्रसंस्थेत थिओडोर फॉन कार्मान यांच्याकडे गेला, १९३९ मध्ये डॉक्टर झाला, आणि तेथील अग्निबाणांच्या प्रयोगांत अग्रेसर ठरला. हे गुरुजी स्वतः हंगेरीहून आलेले होते. १९४५ मध्ये पराभूत जर्मनीतील शास्त्रज्ञांची तपासणी करण्यासाठी अमेरिकन सरकारने छियेन यांस कर्नलचा दर्जा देऊन पाठविले. १९४९ मध्ये त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला. पण चीनमध्ये कम्युनिस्टांचे राज्य आले होते, आणि अमेरिकेत संशयाचे वारे सुटले होते. १९५० मध्ये कम्युनिस्ट पक्षाशी जुना संबंध असल्याच्या आरोपावरून त्यांच्या हातचे गुप्त काम काढून घेण्यात आले. ते मायदेशी जावयास निघाले, तर सामान जप्त झाले. सुमारे पंधरा दिवस त्यांस कोठडीत ठेविले. आणि पुढे पाच वर्षे त्यांस राहूही धड देईनात व जाऊही देईनात. १९५५ च्या सप्टेंबरात त्यांस चीनला जाऊ दिले. १९६० मध्ये चीनचा पहिला क्षेपणास्त्र-प्रयोग झाला. २४ एप्रिल १९७० रोजी चीनचा पहिला उपग्रह आकाशात गेला. आणि या दोहोंच्या मागे छियेन यांची योजना होती. अमेरिकन आरमारखात्याचे एके काळचे मुख्य डॅन किंबॉल यांनी या प्रकरणास आपल्या देशाच्या हातून घडलेला मूर्खपणाचा कळस ठरविले. एरवी परत जाण्याची हमी मागणारा द्वारपाल येथे परत जाऊ देईना, आणि अखेर जाऊ दिले तेव्हा राहू द्यावयास हवे होते असे त्यास वाटले.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडली. आशियातील विद्यार्थ्यास शिक्षणानंतर नोकरी, नोकरीनंतर कायमचे वास्तव्य, अशी पायऱ्यांची वाट प्रथमच खुली झाली. तिचा परिणाम विद्यापीठांवर काय झाला हे समजण्यास तेथील प्रयोगशाळेची घडण ध्यानात घेतली पाहिजे. प्राध्यापक कल्पना मांडतो, सरकार वा एखादी संस्था अनुदान देते, पण रात्रंदिवस यंत्रांपाशी बसणारे, खालच्या वर्गांस शिकविणारे आणि चुकत चुकत नवे शोधणारे हात डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांचे असतात. अभियांत्रिकी व संगणकशास्त्र या विषयांत अमेरिकेत डॉक्टर होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण विद्यार्थी म्हणून तात्पुरत्या परवान्यावर आलेले असतात. हे हात काढून घेतले तर रिकामी राहते ती केवळ खुर्ची नव्हे; त्या प्राध्यापकाचे कामच थांबते.

या वाटेने गेलेल्या मराठी माणसांची उदाहरणेही थोडी नाहीत. ग्वाल्हेरात जन्मलेले नरेंद्र करमरकर मुंबईच्या आय.आय.टी.तून कॅलिफोर्नियास गेले, बर्कलीस डॉक्टर झाले, आणि १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी मोठमोठ्या हिशेबांतून सर्वांत किफायतशीर उत्तर काढण्याची जी रीत प्रसिद्ध केली, ती जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सुहास पाटील खरगपूरहून मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत गेले, तेथेच काही काळ शिकविले, व पुढे सिरस लॉजिक ही इलेक्ट्रॉनिक चकत्यांची कंपनी त्यांनी उभारली. १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी ज्या चौघांनी काढली, त्यांत जर्मनीचे आंद्रेआस बेख्टोल्सहाइम व हिंदुस्थानचे विनोद खोसला हे दोघे परदेशी विद्यार्थी म्हणून अमेरिकेस आलेले होते. आणि कंपनीचे नाव स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगणकजाळ्याच्या आद्याक्षरांवरून पडले होते. विद्यापीठ, विद्यार्थी व उद्योग यांचे नाते त्या तीन अक्षरांत आले आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्याखेरीज निकाल देणे योग्य होणार नाही. चेल्लाराज, मास्कस व मट्टू या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये असे मांडले, की परदेशी पदव्युत्तर विद्यार्थी शेकडा दहांनी वाढले तर अमेरिकेतील पेटंटचे अर्ज शेकडा साडेचारांनी वाढतात. उलट जॉर्ज बोर्हास व कर्क डोरन यांनी २०१२ मध्ये दाखविले, की सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियन गणिती अमेरिकेत आले, तेव्हा त्यांच्याच विषयांत काम करणाऱ्या अमेरिकन गणित्यांस जागा व प्रसिद्धी मिळणे कठीण झाले. हा आक्षेप खोटा नाही. पंगतीत पाने मोजकी असली तर नवा पाहुणा कोणाच्या तरी पानावर बसतो. पण त्यावरून काढावयाचा बोध पाने वाढविण्याचा आहे. स्वयंपाकात हातभार लावणाऱ्यास हाकलण्याचा नव्हे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ११ सप्टेंबर २००१ च्या घातकी हल्ल्यातील एकोणीस जणांपैकी एक विद्यार्थी-परवान्यावर आला होता. आणि त्यांतील दोघा मृत हल्लेखोरांचे विद्यार्थीपण मंजूर झाल्याची सरकारी पत्रे बरोबर सहा महिन्यांनी, म्हणजे ११ मार्च २००२ रोजी, फ्लोरिडातील वैमानिक-शाळेत येऊन पडली. असे दफ्तर सुधारणे प्राप्तच होते. १९२४ चे हजेरीपुस्तक २००३ मध्ये विजेवर चालणाऱ्या यंत्रात गेले, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा पत्ता व अभ्यासक्रम सरकारास दिसू लागला. परंतु आधी ढिलाई, मग सर्वांवर सरसकट संशय, ही द्वारपालाची जुनी खोड येथेही दिसली. शास्त्रविषयांच्या विद्यार्थ्यांचे अर्ज महिनेमहिने अडकून पडले. २००२-०३ साली अमेरिकेत ५,८६,३२३ परदेशी विद्यार्थी होते, ते पुढील साली ५,७२,५०९ व त्यापुढील साली ५,६५,०३९ झाले. तीन दशकांत अशी घट झाली नव्हती. पुढे धोरण सैल झाले व संख्या पुन्हा चढली. शास्त्रविषयांच्या पदवीधरांस शिक्षणानंतर काही काळ काम करण्याची जी मुभा होती, ती २००८ मध्ये व पुन्हा २०१६ मध्ये वाढवून तीन वर्षांपर्यंत नेली. एकीकडे परत जाण्याची शपथ आणि दुसरीकडे राहण्याचे आमंत्रण अशी दुटप्पी भाषा कायदा बोलत राहिला.

२०२४-२५ साली तेथे ११,७७,७६६ परदेशी विद्यार्थी होते, आणि त्यांत ३,६३,०१९ भारताचे, म्हणजे सर्वांत अधिक, होते. अशा भरतीच्या वेळीच वारा फिरला. २७ मे २०२५ रोजी विद्यार्थी-परवान्यांच्या नव्या मुलाखती ठरविणे थांबविण्यात आले. १८ जूनला त्या सुरू झाल्या, त्या अर्जदाराने आपले समाजमाध्यमांवरील सर्व लेखन उघडे करावे या अटीसह. ऑगस्टमध्ये, शिक्षण संपेपर्यंत राहण्याच्या मुभेऐवजी सामान्यतः चार वर्षांची मर्यादा घालावी, अशी सूचना सरकारने प्रसिद्ध केली. डॉक्टरेटला मात्र बहुधा पाच वर्षे व अधिकही लागतात. सप्टेंबरात, परदेशी कुशल नोकरांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलरांचा आकार बसविण्याचे फर्मान निघाले. त्या हिवाळ्यापूर्वीच्या सत्रात, आठशेहून अधिक संस्थांच्या पाहणीत, नव्याने दाखल होणारे परदेशी विद्यार्थी शेकडा सतरांनी घटलेले आढळले. या घटलेल्यांत कोणी सुब्बाराव वा करमरकर होता काय, हे कोणत्याही पाहणीत दिसणार नाही.

हे सर्व वाचून, अमेरिकेचे नुकसान होते तर होवो, आपली मुले घरी राहतील, असे म्हणणारे वाचक असतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या पैशाने शिकलेली बुद्धी दुसऱ्याच्या शेतात राबते हे शल्य लहान नाही. परंतु "परत येशील ना?" या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आपणांस विचारावयाचा आहे: आल्यास त्यास जागा कोठे द्याल? डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये परदेशातून परत आले, शिष्यवृत्तीचा करार पाळण्यासाठी बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. कोलंबियाच्या वर्गात ज्यास कोणी जात विचारली नव्हती, त्या विद्वानास तेथे राहावयास खोली मिळेना. नाव लपवून एका पारशी पथिकाश्रमात ते उतरले, ओळख उघडी होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले, आणि त्यांस बडोदे सोडावे लागले. पुढे त्यांनी अस्पृश्यतेच्या अशा अनुभवांची जी लहानशी आत्मकथनपर वही इंग्रजीत लिहिली, तिचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे आहे. तीत कोठल्याही वकिलातीचा उल्लेख नाही. आपल्याच देशात आत येण्याचा परवाना मागत उभ्या असलेल्या माणसाची ती हकिकत आहे. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांस सन्मानाची पदवी दिली.

ह्युएनत्संग मात्र परत गेला. नालंदेत राहून, महाराष्ट्रातूनही फिरून, सोळा-सतरा वर्षांनी तो स्वदेशाच्या सीमेपाशी आला, तेव्हा त्याने खोतानहून सम्राटास पत्र लिहून आपल्या विनापरवाना प्रयाणाची क्षमा मागितली. सम्राटाने त्यास शिक्षा केली नाही. ६४५ मध्ये राजधानीने त्याचे स्वागत केले. त्याने बरोबर आणिलेल्या ६५७ ग्रंथांच्या भाषांतरासाठी विद्वान व लेखक नेमून दिले, आणि उरलेले आयुष्य त्याने त्या कामात घालविले. ते पोथ्यांचे ओझे वेशीतून आत गेले तेव्हा, ज्या शिपायांस एके काळी त्याला अडविण्याचा हुकूम होता, त्यांच्यापैकी कोणी तेथे पहाऱ्यावर होता की नाही, हे इतिहासाने नोंदविलेले नाही.